तांदळाची बारा पोती

एकतीस वर्षं मी कोर्टाच्या भिंतीला पाठ लावून बसले. भिंतीच्या आत उभं राहायची पाळी एकदाच आली, आणि ती माझ्याच अक्षरानं आणली. त्याला आता चार महिने होत आले, पण अजून कोणी कोरा कागद पुढे केला की माझा हात आधी मागे जातो.

मी अर्जनवीस. म्हणजे ज्यांना लिहिता येत नाही, किंवा लिहिता येतं पण सरकारला काय लिहावं ते समजत नाही, त्यांचे अर्ज लिहून देणारी. वकील नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण लोक विसरतात आणि खरं म्हणजे मीही विसरत होते. तुमसरला कोर्टाच्या कुंपणाच्या भिंतीला लागून माझं टेबल आहे. एक बाक, दोन खुर्च्या, आंगठ्यासाठी शाईचं पॅड आणि आंगठा पुसायला ओला फडका. लोक मला राइटरबाई म्हणतात. माझं खरं नाव माझ्या सुनेलाही राशनकार्ड पाहूनच आठवत असेल.

शिक्षण सातवी. लग्न होऊन चिखल्याला आले, आमचे हे तिथल्या खाणीत कामाला. कॉलनीत लिहिणारी बाई एक मीच, म्हणून शेजारणींची माहेरची पत्रं माझ्याकडे यायला लागली. पत्रांच्या मागून रजेचे अर्ज आले, अर्जांच्या मागून भांडणं. पुढे तुमसरला राहायला आलो तेव्हा एका म्हाताऱ्या अर्जनविसाच्या शेजारी बसून मी हे काम शिकले. शिकवलं त्यांनी काही नाही. मी त्यांच्या जुन्या अर्जांच्या नकला घरी नेऊन शाळेतल्या शुद्धलेखनासारख्या उतरवून काढत असे. त्यांनी एकच गोष्ट तोंडानं सांगितली: अर्जात रडू असलं पाहिजे. साहेबापुढे दिवसाला ढीगभर कागद येतात. ज्या कागदातून रडू ऐकू येतं तो वर राहतो, बाकीचे खाली जातात.

हे मी फार मनावर घेतलं. माझ्या अर्जांत विहिरी कोरड्या पडत, म्हाताऱ्या आया अंथरुणाला खिळत. एकदा बपेऱ्याकडच्या एका शेतकऱ्याच्या बांधीला, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या तुकड्याला, वरचा शेजारी बोडीचं पाणी येऊ देत नव्हता. बोडी म्हणजे आमच्याकडचा गावचा लहान तलाव. मी लिहिलं, पाणी न मिळाल्यास माझी चार लेकरे उपाशी मरतील. आठ दिवसांत साहेब स्वतः पाहणीला आले. तो माणूस पेढे घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, "राइटरबाई, पाणी भेटलं. पण सायेबानं विचारलं, लेकरं कुठं हायेत. मी म्हटलं, मामाच्या घरी गेले."

त्याचं तेव्हा लग्नच झालेलं नव्हतं. माझ्या शेजारच्या टेबलावर नामदेवभाऊ टायपिंग करतो. तो हसता हसता बाकावरून पडायचा राहिला. आठवडाभर मला 'चार लेकरांची आजी' म्हणत होता. मीही हसले. आपलं काम किती चांगलं चालतं, म्हणून हसले.

आता जमिनीचं सांगते, कारण माझ्याकडे येणाऱ्यांपैकी निम्मे लोक जमिनीसाठीच येतात. आमच्या भागात माणूस बापाच्या जमिनीसाठी कोर्टात लवकर जात नाही. कोर्टात गेलं की नातं तुटलं असं समजतात. म्हणून मधला रस्ता काढतात: अर्ज देऊन ठेवायचा. अर्जाची दुसरी प्रत ऑफिसात नेली की तिच्यावर शिक्का आणि तारीख मारून देतात. तिला पोच म्हणतात. ही पोच लोक ट्रंकेत लुगड्यांच्या घडीखाली ठेवतात, देव्हाऱ्यामागे ठेवतात. चिखल्याकडचे एक बुढे होते, आज्याच्या जमिनीतला हिस्सा त्यांच्या चुलतभावानं दाबला होता. तो आला की हे घरातून प्लास्टिकची पिशवी आणून त्याला दाखवत. तीन तहसीलदारांच्या काळातल्या पोचा होत्या तिच्यात. म्हणत, हा पाहा माहा हक्क. चुलतभाऊ पिशवीकडे पाही, राम राम करी आणि शेत कसायला जाई. शेवटी बुढे वकिलाकडे गेले तेव्हा वकिलानं पिशवी उघडूनही पाहिली नाही, नुसती पहिल्या अर्जाची साल विचारली. मला वाटलं होतं, बुढ्यांचं नशीब खोटं. पोच खोटी असेल असं मनात आलं नाही. अर्ज दिला की हक्क जिवंत राहतो, असं मीसुद्धा खरंच मानत होते.

त्याच काळातली येनूबाई.

ती नाकाडोंगरीला दिलेली, माहेर बपेऱ्याजवळ. चौदा-पंधरा वर्षांपूर्वी ती माझ्या बाकावर येऊन बसली तेव्हा घामानं भिजली होती. माहेरी लग्नाला गेली होती आणि नेमकं त्याच दिवशी गावात चावडी वाचन होतं. तलाठी सगळ्यांसमोर कोणाच्या नावावर कोणती जमीन ते वाचून दाखवतो, त्याला चावडी वाचन म्हणतात. बापाचं नाव कधी येतं म्हणून ही मागे उभी राहून ऐकत होती. बाप तीन वर्षांपूर्वी वारला होता. त्याच्या गटावर तलाठ्यानं एकच नाव वाचलं, तिच्या धाकट्या भावाचं, देवाजीचं. त्यानं वारस लावताना मी एकटाच वारस असं लिहून दिलं होतं.

"आमी दोघंच भावंडं, राइटरबाई," ती म्हणाली. "मले भांडण नाही करायचं. माहं नाव बी लागावं, एवढं लिहून द्या."

मी लिहायला बसले. काय सांगू, त्या दिवशी माझं अक्षर फार छान लागत होतं. लिहून झाल्यावर गिऱ्हाइकाला वाचून दाखवायचं, हा माझा नेम. मी वाचलं: सदर भावाने मला वडिलोपार्जित शेतजमिनीतून कायमचे बेदखल केले असून माझा जमिनीशी कोणताही संबंध ठेवलेला नाही. बेदखल या शब्दाखाली मी फूटपट्टी लावून रेघ मारली होती.

येनूबाईनं पॅडवर टेकवलेला आंगठा उचलला. "असं कायले लिहलं? तो तांदूळ देते ना मले. बाबा देत तसा."

हेही सांगायला हवं. आमच्या गावांत धान निघालं की लग्न झालेल्या लेकीला माहेरचा नवा तांदूळ पोचवतात. तिच्या बापाच्या बांधीत चिन्नोर होत असे, एका घरी शिजला तर चार घरी वास जाणारा. बाप गेल्यावरही देवाजी तो पाठवत होता, कधी पोतं, कधी अर्धं. म्हणजे ती बेदखल नव्हतीच. नाव नव्हतं, एवढंच.

मी तिला म्हटलं, "अवो, असं लिहल्याबिगर सायेब वाचत नाही. तुले नाही समजत ते. दे आंगठा."

तिनं दिला. मी ओल्या फडक्यानं तिचा आंगठा पुसला.

तहसिलातून काही दिवसांनी उत्तर आलं: वारसाचा वाद आहे, दिवाणी न्यायालयात दाद मागावी. सरळ लिहिलेलं, बरोबर लिहिलेलं उत्तर होतं. मी तिला म्हटलं, राहू दे, पोच आहे ना तुझ्याजवळ. हक्क जिवंत राहिला. जपून ठेव.

आणि त्याच आठवड्यात देवाजी आला.

बारीक अंगाचा, खांद्यावर दुपट्टा, आवाज इतका हळू की कान पुढे करावा लागे. भांडायला आला असेल म्हणून मी ताठ बसले. तो बाकाच्या टोकाला टेकला आणि म्हणाला, "बाईनं अर्ज देल्ला म्हणते. आता काय होते, राइटरबाई?" थोरल्या बहिणीला आमच्याकडे बाई म्हणतात.

मला बोलायची खोड आहे. कोणी अदबीनं विचारलं की माझ्या जिभेवर सरस्वती येते, निदान तसं मला वाटतं. रोज भिंतीपलीकडच्या वकिलांचं ऐकून ऐकून कानावर पडलेलं सगळं मी त्याला दिलं. म्हटलं, "आज काही होत नाही. पण ध्यानात ठेव, बारा वर्षं हायेत तिच्या हातात. बारा वर्षांत कवाही कोर्टात जाईन अन् अर्धी शेती नेईन. नीट राहा तिच्याशी."

"कवापासून बारा?"

"या अर्जाच्या तारखेपासून."

त्यानं चहा घेतला, कप धुऊन उलटा ठेवला आणि गेला. बहिणीला मी सांगितलं होतं की हक्क जिवंत राहिला. भावाला सांगितलं की बारा वर्षं. दोन्ही गोष्टी माझ्याच तोंडातून एका आठवड्यात निघाल्या, पण त्या एकमेकींच्या शेजारी ठेवून मी कधी पाहिल्या नाहीत.

त्या वर्षीपासून देवाजी पोतं स्वतः पोचवायला लागला. अर्धं नाही, पूर्ण पोतं. त्याची एसटी तुमसरलाच बदलायची. परतताना माझ्या टेबलाशी थांबे, चहा घेई आणि सांगे, "देऊन आलो, राइटरबाई. बाईच्या वाट्याचं पोतं." मी आल्यागेल्याला अभिमानानं सांगे, पाहा, एका अर्जात भाऊ सुधारला. येनूबाईही कधी बाजाराला आली की पदरात बांधून मूठभर चिन्नोर आणी, माझ्या डब्यात ओती. तिचा भात मी खाल्लाय, हे लक्षात ठेवा.

काही वर्षांनी तो आकडाही सांगायला लागला. यंदा चवथं झालं. यंदा सातवं. नामदेवभाऊ एकदा टायपिंग थांबवून म्हणाला, "भाऊ बहिणीले देते तं मोजते कायले?"

"तू तुझं टाइप कर," मी म्हटलं.

बारावं पोतं दिलं त्या दिवशी देवाजीनं चहा घेतला नाही. घाई आहे म्हणाला.

पुढच्या वर्षी दिवाळी गेली, तुळशीचं लग्न गेलं, गावोगावची मळणी आटोपली, पोतं आलं नाही. भाऊ आजारी असेल म्हणून येनूबाई स्वतः बपेऱ्याकडे गेली आणि तिथून परतताना घरी न जाता थेट माझ्याकडे आली. बाकावर बसली. पाणी दिलं तर हातात धरून राहिली.

"तब्येत बरी हाय त्याची," ती म्हणाली. "म्हणे, बाई, जेवून जा, पण तांदूळ आता नाही. बारा झाले." मग माझ्याकडे पाहून विचारलं, "बारा झाले म्हणजे काय झाले, राइटरबाई?"

बारा वर्षं एक माणूस दर साली माझ्यासमोर बसून, माझाच चहा पिऊन, मी दिलेला आकडा मोजत होता, आणि मी त्याला भला माणूस म्हणत होते.

हात धरून तिला वकीलमॅडमकडे नेलं. या मॅडम तरुण आहेत, पण अडाण्याला समजेल असं बोलतात. त्यांनी कायद्याचं जे सांगितलं ते मी तुम्हाला सांगते, कारण माझ्यासारखे पोच जपणारे पुष्कळ असतील. भावंडांची सामाईक जमीन एकानं कसली तर तो ताबा सगळ्यांचाच समजतात. नुसतं नाव नाही म्हणून हक्क जात नाही, कितीही वर्षं होवोत. पण आपल्याला यातून बाहेर काढलंय हे ज्या दिवशी कळतं, त्या दिवसापासून घड्याळ सुरू होतं. बारा वर्षांच्या आत दावा लावायचा. तहसिलात अर्ज दिल्यानं ते घड्याळ थांबत नाही. मी मधेच विचारलं, पोच असली तरी? मॅडम म्हणाल्या, पोच असली तर उलट कळल्याची तारीखच पक्की होते.

चिखल्याकडच्या बुढ्यांची प्लास्टिकची पिशवी माझ्या डोळ्यांसमोर आली.

मॅडमनी विचारलं, आधी अर्ज केला होता का, त्यात काय होतं. येनूबाईची पोच वाळवीनं खाल्ली होती. मी म्हटलं, होता, नाव लावण्याचा साधा अर्ज. खोटं नव्हते बोलत. तेरा वर्षांत किती हजार अर्ज लिहिले असतील, मला खरंच आठवत नव्हतं.

दावा लागला. देवाजीच्या वकिलानं उत्तर दिलं आणि उत्तराला एक झेरॉक्स जोडली. मॅडमनी मला आत बोलावून ती टेबलावर ठेवली. मी चष्मा लावायच्या आधीच ओळखली. माझा ह खाली शेपटी सोडतो. माझी वेलांटी मागे झुकते. आणि मधोमध फूटपट्टी लावून मारलेली ती रेघ.

"हा शब्द कोणाचा?" मॅडमनी विचारलं.

"माझा."

"तारीख बघा. आपला दावा या तारखेपासून तेरा वर्षं चार महिन्यांनी आहे. हा कागद जसा लिहिलाय तसा खरा धरला, तर त्यांना जमिनीबद्दल काही बोलायचीही गरज नाही. मुदत संपली, दावा गेला."

एक शब्द. तोही खरा नव्हता. ती बाई तेव्हा बेदखल नव्हती, मी कागदावर केली, आणि कागदावरची बेदखली आता खरी व्हायला निघाली होती. बाहेर बाकावर येनूबाई वाट पाहत होती. काय निघालं, तिनं विचारलं. मी सांगितलं. सगळं सांगितलं, देवाजीला सांगितलेले बारा सोडून. तेवढं तोंडातून निघेना.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मी म्हटलं होतं ना तुमाले," आणि चपला घालून स्टँडकडे गेली.

मग मला समन्स आलं, तेही देवाजीच्या बाजूनं. उलटतपासणीत येनूबाईनं सांगितलं होतं की आंगठा दिला तो नावासाठी, या कागदात काय आहे ते ओळखत नाही. म्हणून अक्षर सिद्ध करायला मी हवी होते. नामदेवभाऊनं जवळ येऊन हळूच सांगितलं, "अक्षर ओळखत नाही म्हणा. चौदा सालं झाले. कोण धरते तुमाले? अर्ज पडला की बाई वाचली." तो वाईट माणूस नाही. तो माझ्या आणि तिच्या भल्याचंच बोलत होता. आणि खरं सांगते, मी ठरवलं होतं तसंच म्हणायचं. आरशासमोर म्हणूनही पाहिलं. त्या काळात मी अर्जाखाली 'लिहिणार' म्हणून नाव टाकत नसे, त्यामुळे सोपं होतं.

साक्षीच्या दिवशी येनूबाई कोर्टाच्या पायरीवर भेटली. नामदेवभाऊचं बोलणं तिच्यापर्यंत पोचलं असावं. म्हणाली, "खोटं नका बोलू, राइटरबाई. एक बार लिहलं तेवढं पुरे."

कठड्यात उभी राहिले. समोरच्या वकिलानं चार प्रश्न विचारले. अक्षर तुमचं? हो. आंगठा तुमच्यासमोर दिला? हो. अर्ज बाईला वाचून दाखवला? हो. मग दिला आंगठा? हो. तो खुश होऊन खाली बसला.

मॅडम उठल्या. वाचून दाखवल्यावर येनूबाई काय म्हणाल्या, त्यांनी विचारलं. मी सांगितलं, असं कायले लिहलं, भाऊ तांदूळ देते ना मले, असं म्हणाली. मग तुम्ही काय म्हणालात? मी म्हटलं, तुले नाही समजत ते. मॅडमनी पुढचा प्रश्न विचारायच्या आधी जजसाहेबांनीच चष्म्यावरून पाहिलं. "बाई, तिनं नाही म्हटल्यावरही हा शब्द का ठेवलात?"

मी साहेबांकडे न पाहता टायपिस्टकडे पाहिलं.

"सायेब, अर्जात रडू नसलं तं कोणी वाचत नाही असं मले वाटे."

साहेबांनी टायपिस्टला सांगितलं: साक्षीदार म्हणते की 'बेदखल' हा शब्द तिने अर्जदाराच्या सांगण्यावरून नव्हे, तर स्वतःच्या मनाने लिहिला. लोकांची वाक्यं मी एवढी वर्षं सरकारी भाषेत बदलून दिली. माझं स्वतःचं वाक्य तसं बदलताना पहिल्यांदा ऐकलं. अंगावरचे कपडे कोणी चारचौघांत घडी घालून ठेवावेत तसं वाटलं.

मला वाटलं, संपलं. मॅडमनी आणखी एक कागद उचलला.

"प्रतिवादी देवाजी यांनी परवाच्या साक्षीत सांगितलं, की बारा वर्षांचं त्यांना राइटरबाईंनी सांगितलं. हे खरं आहे का?"

त्याच्या वकिलानं वळून देवाजीकडे पाहिलं. परवा त्यानं ते वाक्य फालतू समजून जाऊ दिलं असावं. देवाजी खाली फरशीकडे पाहत होता. आणि येनूबाई माझ्याकडे. परवा ती कोर्टात आली नव्हती. मी जे तिला सांगायचं टाळलं होतं ते तिला भर कोर्टात, दुसऱ्याच्या तोंडून कळत होतं.

"खरं आहे."

"दर वर्षी पोतं पोचवून आल्यावर ते तुम्हाला काय म्हणत?"

"म्हणत, बाईच्या वाट्याचं पोतं देऊन आलो. अन् कितवं ते सांगत."

"भेट म्हणून दिलं, माहेरची आठवण म्हणून दिलं, असं कधी म्हणाले?"

"नाही. वाट्याचंच म्हणत. बाराही बार."

मॅडम बसल्या. माझी सही घेतली. बाहेर आले तेव्हा येनूबाई पायरीवर नव्हती.

निकाल दोन महिन्यांनी लागला. मॅडमनी बाकावर बसून मला त्याचा अर्थ सांगितला. साहेबांनी लिहिलं होतं, की कागदावर काहीही शब्द असला तरी या जमिनीतला तांदूळ बहिणीला तिच्या वाट्याचा म्हणून बारा वर्षं पोचत होता, आणि हे भाऊ स्वतःच बोलत होता. वाट्याचं पीक घेणारी बाई त्या जमिनीबाहेर नसते. तिला बाहेर काढलं ते पोतं थांबलं त्या वर्षी. घड्याळ तिथून सुरू. दावा मुदतीत. अर्धा हिस्सा येनूबाईचा.

मी विचारलं, माझ्याबद्दल काही लिहिलंय का. मॅडम म्हणाल्या, एक ओळ आहे, वाचायची गरज नाही. मी ती नंतर स्वतः वाचली. बरोबर लिहिलंय साहेबांनी.

देवाजी स्वतः येऊन मोजायचा म्हणून ती बाई वाचली. चोरासारखं गुपचूप मोजलं असतं तर तिचं शेत गेलं असतं. मी काही वाचवलं नाही. मी दोन्हीकडून आग लावली होती, आणि एका हलक्या आवाजाच्या माणसाच्या तोंडून एक सरळ शब्द निघून गेला म्हणून घर राहिलं.

येनूबाई त्यानंतर एकदा आली. आता बोलते माझ्याशी, पहिल्यासारखी नाही, पण बोलते. म्हणाली, "अर्धी भेटली, राइटरबाई. आता माह्या बांधीचा तांदूळ मीच आणीन." मग म्हणाली, "पण आणून देणारा नाही राहिला." माझ्या डब्यात तिनं काही ओतलं नाही, आणि मी डबा पुढे केलाही नाही.

आता माझ्या टेबलावर कोणी जमिनीचं घेऊन आलं की मी पहिला प्रश्न विचारते, कवा कळलं तुले? सालासकट सांग. मग त्याला आधी वकिलाकडे पाठवते. अर्जातलं रडू बंद केलंय. माझे अर्ज आता कोरडे असतात, नामदेवभाऊ म्हणतो पापडासारखे. गिऱ्हाइकं थोडी कमी झाली. असू दे.

मागच्या महिन्यात दुपारी देवाजी आला. आणखी बारीक झालाय. बाकाच्या टोकाला टेकला. निकालाची नक्कल पाहिजे, त्याचा अर्ज लिहून द्या म्हणाला. टेबलाशी बसेल त्याचं लिहायचं, हा या कामाचा धर्म. मी लिहिला, तीन ओळींचा. शब्दन् शब्द वाचून दाखवला आणि विचारलं, "यात तू न म्हटलेलं काही हाय का?"

त्यानं मान हलवली. सही केली. कागदाची घडी घालता घालता, तसाच हळू आवाजात, अदबीनं म्हणाला, "राइटरबाई, वर अपील कराले किती दिवस राहतात?"

मला माहीत होतं. दिवस माहीत होते, कोणत्या तारखेपासून धरायचे ते माहीत होतं, नकलेला लागलेले दिवस कसे वगळतात तेही माहीत होतं. सगळं जिभेच्या टोकावर येऊन उभं राहिलं. शेजारी नामदेवभाऊचं टायपिंग थांबलं.

"वकिलाले विचार, भाऊ."

त्यानं मान वर केली. "तुमी तं सांगत होत्या."

"सांगत होती," मी म्हटलं.

तो थोडा वेळ बसला. चहासाठी थांबला असेल, मी मागवला नाही. मग दुपट्टा सारखा करून स्टँडकडे निघाला. तो वळणाआड जाईपर्यंत मी ओला फडका दोन्ही हातांत घट्ट धरून बसले होते. एकतीस वर्षांत माझ्या टेबलावरून उत्तर न घेता गेलेला तो पहिला माणूस.